लहान मुलांच्या दुधाचा पंप

बुर्गल त्सरेनर दुसऱ्याच्या घरी पाणीसुद्धा पीत नसे. पेला उचलायची, उजेडाकडे धरायची, नाकाशी न्यायची आणि गुपचूप खाली ठेवायची. "तहान नाही," म्हणायची. सगळ्या श्टोकनरीड गावाला ठाऊक होतं की तहान आहे, पेला नीट धुतलेला नाही. पाठीमागं तिला सगळे 'नाक' म्हणत. आज नाकानं खाटकाला झापलं, आज नाक बेकरीतून पाव परत करून आलं. तिला ते माहीत होतं आणि तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. माणसं घाणेरडी असतात, ही तिची पक्की समजूत होती, आणि सत्तावन्न वर्षांत ती समजूत मोडेल असं कुणी वागलंही नव्हतं. चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवतानासुद्धा तिचं तोंड वाकडं व्हायचं, कारण तिच्या आधी त्यात कुंभारांच्या आलोइसचं बोट बुडालेलं असायचं.

ती मूळची डोंगरापलीकडची. बाप कातडी कमवायचा. घरामागं चुन्याचे हौद, त्यात भिजत पडलेली कातडी आणि परसात एक मोठं पातेलं. त्यात कातड्याचे तुकडे, खूर, हाडं दिवसभर शिजायची आणि त्याचा चिकटवायचा सरस व्हायचा. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. बाईंनी एकदा खिडकी उघडली आणि सगळ्या वर्गानं वळून तिच्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून ती घासायला लागली, ती आजतागायत घासतेच आहे. लग्न होऊन ती श्टोकनरीडला दोरवाल्यांच्या घरात आली तेव्हा त्या घरात दोर वळणारं कुणी उरलं नव्हतं. घराला नाव तेवढं राहिलं होतं, आणि राहिला होता बिअर गाळायचा हक्क.

श्टोकनरीडमध्ये असा हक्क सहा घरांना आहे. गावाची एक सामायिक भट्टी. तिथं ज्याची बारी असेल त्यानं तांब्याच्या मोठ्या कढईत माल्टाचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, गोड रस हॉपची कडू फुलं घालून उकळायचा, माळ्यावरच्या उथळ हौदात रात्रभर निववायचा आणि सकाळी टाकीत भरून घरी न्यायचा. पुढचं काम ज्याच्या त्याच्या तळघरात. बिअर तयार झाली की दारावर काठीला सहा टोकांचा तारा लटकवायचा, म्हणजे गावाला कळतं की आज इथं बसायचं. पिंप संपलं की तारा खाली.

आणि एक रीत. ताऱ्याखाली बसलेल्यानं त्या घरच्या बिअरला नाव ठेवायचं नाही. पहिला घोट घ्यायचा आणि "झकास" म्हणायचं. आवडली नाही तरी झकास. नासली असली तरी झकास. मग पुढच्या खेपेला गपचूप दुसऱ्याच्या ताऱ्याखाली जायचं. ही यांची सभ्यता. तोंडावर गोड बोलून माणसाला बुडवायचं आणि वर त्याला शिष्टाचार म्हणायचं, असल्या सभ्यतेच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

बुर्गलच्या नवऱ्याला, ओट्मारला, याच सभ्यतेनं खाल्लं. सव्वीस वर्षांपूर्वी, पासष्ट साली, जत्रेसाठी त्यानं गाळलेली बिअर आंबली. त्याला स्वतःला पडसं होतं, नाक चोंदलेलं, जिभेला चव नाही. तारा लागला, गाव जमलं. आलोइस पुन्त्समान तेव्हा तरणाबांड होता, कुंभारांच्या घरचा थोरला. तो बाकावर मध्यभागी बसून तीन मग प्यायला आणि तिन्ही वेळा मग आपटून म्हणाला, "झकास, ओट्मार!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तारा लटकतोय आणि बाकडी रिकामी. त्यानंतर त्याच्या प्रत्येक खेपेला तेच. ओट्मार रस्त्यात माणसं अडवून विचारायचा, "माझं काय चुकलं रे?" लोक म्हणायचे, "कुठं काय? झकास तर होती." चार वर्षं तो हेच विचारत राहिला आणि एका सकाळी गोठ्यात कोसळला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. मूलबाळ नव्हतं. बुर्गलनं बाह्या वर केल्या, तळघराला चुना काढला, लाकडी पिंपं फोडून चुलीत घातली आणि स्वतः गाळायला लागली. तिच्या तळघरातल्या फरशीवर बसून जेवता आलं असतं, पण तिनं तिथं कुणाला बसू दिलं नसतं. हळूहळू लोक परत आले. ओट्मार गेल्यानंतर एकही जत्रा अशी गेली नाही की दोरवाल्यांच्या दारावर तारा नाही.

त्या वर्षी, म्हणजे पूर्व जर्मनीची सीमा उघडल्याला दोन वर्षं होत आली तेव्हा, ऑगस्टमध्ये भट्टीतला पंप गेला. कढईतला उकळता रस माळ्यावरच्या हौदात चढवणारा हा पंप युद्धाच्याही आधीचा, गळका. त्याच्यावर सगळ्यांनी इतकी वर्षं चिंध्या बांधून दिवस काढले होते. चिंध्या बदलायलासुद्धा यांना जिवावर यायचं. मग दोन घरांनी बादल्यांनी रस वर नेला. उकळता रस, अरुंद जिना, घरची पोरं आणि जावई रांगेत उभे. आलोइसच्या मुलाच्या पायावर बादली कलंडली, तो पंधरा दिवस पाय वर करून पडला.

पुढची बारी बुर्गलची होती, जत्रेच्या बिअरची. तिच्याकडं ना पोर ना जावई. तिला पंप हवाच होता, बाकी पाचांपेक्षा जास्त हवा होता. म्हणून भट्टीत बैठक बसली तेव्हा पहिली बोलली ती तीच.

"नवा घ्या. नुरेंबर्गच्या बाजूला कारखाना आहे, मी फोन केलाय. पाच आठवड्यांत देतो म्हणाला."

"पाच आठवड्यांत तुझी जत्रा होऊन जाईल, बुर्गल," आलोइस म्हणाला. तो आता हक्कदारांचा मुख्य होता, पोट सुटलेला, सिगारच्या राखेनं कोट माखलेला. "आणि किंमत ऐकलीस? त्या किमतीत जुनी मोटार येते."

"मोटारीतून बिअर गाळणार आहेस का?"

सगळे हसले. आलोइसही हसला, पण त्याचं आधीच ठरलं होतं. त्याचा मेहुणा हेगेनवाल्ड याचा धंदा सीमा उघडल्यापासून जोरात होता. ट्रक पूर्वेकडं रिकामा जायचा, तिकडं एकेक करून बंद पडणाऱ्या कारखान्यांतलं सामान भरून यायचा. दोनच दिवसांत तो भट्टीच्या दारात हजर झाला. ट्रकवर ताडपत्री, ताडपत्रीखाली पंप. स्टीलचा, देखणा, मोटर जोडलेली.

"कुठला आहे?" बुर्गलनं विचारलं.

"दुधाच्या कारखान्यातला, बाई! लहान मुलांच्या दुधाच्या. तान्ह्या बाळांचं दूध गेलंय यातून, तुमची बिअर काय घेऊन बसलात!"

"कुठल्या गावचा कारखाना?"

"तिकडचीच कुठली तरी गावं. नावं कोण लक्षात ठेवतो?"

त्यानं चार नट काढून पंपाचं झाकण उघडलं. आतला पंखा, भिंती, सगळं लखलखत होतं, वार्निश मारल्यासारखं. पाचही जणांनी आळीपाळीनं आत डोकावून पाहिलं आणि प्रत्येकाला आपलंच थोबाड दिसलं.

"दाढी करा यात बघून," हेगेनवाल्ड म्हणाला.

बुर्गलनं आत बोट घातलं. स्टीलचा स्पर्श तिच्या बोटाला पाठ होता. हा तो नव्हता. बोट उगाचच घसरत होतं. तिनं नखानं खरवडलं तर नखात कांद्याच्या सालीएवढा पातळ पापुद्रा आला, पिवळसर, पारदर्शक. नाकाशी नेला, वास नाही. मग तिनं तो दोन बोटांत धरून त्यावर तोंडाची वाफ सोडली, चोळला, पुन्हा सोडली. आणि आता आला. अगदी बारीक, आला न आला असा वास, पण तिला तो आईच्या हाकेसारखा ओळखीचा होता.

"हा सरस आहे," ती म्हणाली.

"कसला सरस? गंजू नये म्हणून थर देतात, बाई. मशीनवाले सगळेच देतात."

"स्टीलला गंज? हाडांचा, कातड्यांचा सरस आहे हा. सरसाच्या कारखान्यातला पंप. मी त्यात वाढलेय."

"तेच तर!" आलोइसनं सिगार तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. "कातडीवाल्याची पोर. तिला देवाच्या दारात नेलीत तरी म्हणेल, कातड्याचा वास येतोय."

पुन्हा सगळे हसले. बुर्गलला त्यांच्या उघड्या तोंडांतले दात दिसले. कुणाच्या दातात सकाळचं सॉसेज, कुणाच्या तंबाखू. तिनं नजर वळवली.

मग परीक्षा झाली. भट्टीबाहेरच्या दगडी हौदात नळी सोडली, मोटर सुरू केली. पंप गुणगुणत चालला आणि पाण्याची धार समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवर आपटली. टाळ्या पडल्या. हौदातलं पाणी डोंगरातलं, हात बधिर करणारं.

"गार पाण्यात काय कळणार?" बुर्गल म्हणाली. "सरस गार असतो तोवर काचेसारखा. तापला की विरघळतो, आणि मग त्याची घाण सुटते. आपण यातून उकळता रस घालणार. कढईत पाणी तापवा आणि ते घालून बघा."

भट्टीची आग सांभाळणारा म्हातारा वेंडेलिन, ज्याला मत नव्हतं पण चावी ज्याच्याकडं होती, तो दारातून आतल्या भिंतीवरच्या चौकटीकडं बघायला लागला. चौकटीत यांच्या आजोबा-पणजोबांनी लिहिलेले नियम. चौथा नियम असा की माल्टाशिवाय कढईखाली आग घालायची नाही, आणि कुणी घातलीच तर ती त्याची बारी मोजली जाईल. यामागं कारणही तसंच होतं. कुणा एका घरच्या आजोबानं डुक्कर सोलायला पाणी हवं म्हणून रात्रीतून कढई पेटवली होती आणि पुढच्याच्या बिअरमध्ये डुकराचे केस तरंगले होते. ते घर कुंभारांचं, हे आलोइसला कुणी सांगायची गरज नव्हती.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "नुसत्या पाण्यासाठी आग नाही. घरून आण की गरम पाणी."

तिनं तेही केलं. घरची दोन बादल्या उकळती आणली, वाफाळती, रस्त्यानं हात भाजत. पंपानं ती एका घोटात गिळली. एवढं मोठं स्टीलचं धूड, दोन बादल्यांनी त्याला काय होतंय? कोमटसुद्धा झालं नाही. नळीच्या तोंडाशी कसलासा वास आला असं एकाला वाटलं.

"तिच्या बादलीचा असेल," आलोइस म्हणाला.

तिच्या बादलीचा! पाच हात वर झाले. पंप घ्यायचा ठरला. अर्धे पैसे लगेच, अर्धे एक खेप निघाल्यावर, हे मात्र वेंडेलिननं मध्ये तोंड घालून कबूल करून घेतलं. हेगेनवाल्ड ट्रक वळवून गेला आणि आलोइसनं मोठ्या मनानं जाहीर केलं, "पहिली खेप बुर्गलची. नव्या पंपाचा मान तिचा."

आठवडाभर बुर्गलच्या ओसरीत दळलेल्या माल्टाची पोती उभी होती. ती येता जाता त्यांच्याकडं बघायची. हा माल्ट त्या पंपातून गेला की चौदा पिंपं सरसाच्या वासाची. जत्रेत गाव येईल, घोट घेईल, एकमेकांकडं बघेल आणि म्हणेल, "झकास, बुर्गल!" मग दुसऱ्या दिवशीपासून बाकडी रिकामी. कुणी सांगणार नाही. बारी पुढं ढकलली तर पुढच्याचा माल नासेल आणि त्यालाही कुणी सांगणार नाही. आणि कढईत नुसतं पाणी उकळलं तर बारी गेली. जत्रेला तारा नाही, आणि जत्रेच्या चार दिवसांवर तर तिचा हिवाळा निघायचा. पुढची बारी थेट नोव्हेंबरात.

तिला गावाची किळस आली, आलोइसची आली, त्या लखलखत्या पंपाची आली. आणि सगळ्यांत शेवटी, पोत्यांवर हात टेकून उभी असताना, तिला स्वतःची आली, पण ती का, हे तिनं कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

बारीच्या सकाळी सहाला तिनं वेंडेलिनला चावी मागितली.

"माल्ट कुठंय?" वेंडेलिननं विचारलं. "ट्रॅक्टर नाही आणलास?"

"माल्ट घरी आहे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, मग चौकटीकडं. "बुर्गल, मी आग घातली की बारी गेली. मला नंतर बोलायचं नाही."

"घाल."

तो काहीतरी पुटपुटत वाकला आणि त्यानं लाकडं आत सारली.

नऊ वाजता पाचही जण आले. पहिल्या उकळीला हक्कदारांनी यायचं आणि बारीवालीनं त्यांना उकडलेलं मांस, मुळ्याची चटणी, पाव द्यायचा, अशी पद्धत. नियमांपेक्षा ही पद्धत त्यांना जास्त पाठ होती. टेबलावर काहीच नव्हतं. सहा रिकामे मग होते, घासूनपुसून ठेवलेले.

"खायला?" आलोइसनं विचारलं.

"नंतर खावंसं वाटलं तर बघू."

तिनं कढईचं झाकण उचलून दाखवलं. आत नुसतं पाणी, खदखदणारं. काय झालंय ते त्यांना कळलं, आणि तिनं स्वतःची जत्रा त्या पाण्यात घातली हेही कळलं. कुणीतरी टोपी काढून हातात धरली.

तिनं मोटर चालू केली. पाणी कढईतून पंपात, पंपातून नळीनं पुन्हा कढईत, असं फिरत राहिलं. पाच मिनिटं काही नाही. आलोइसनं घड्याळ काढून बघितलं. सात मिनिटं. मग पंपाचं स्टील हात लावता येणार नाही इतकं तापलं, आणि वास आला.

आधी ओल्या कुत्र्यासारखा. मग खुरांचा. मग सगळा एकदम, शिजलेली कातडी, हाडांतला मगज, कुजक्या मांसाचा गोडसर वास, आणि तो गोडसरपणाच सर्वांत वाईट होता. वाफेबरोबर तो छतापर्यंत चढला आणि तिथून अंगावर उतरला. नळीतून पिवळा फेस आणि लोंबणारे तंतू बाहेर पडायला लागले. एकानं रुमाल नाकाला लावला, दुसरा दाराकडं सरकला. वेंडेलिन म्हणाला, "अरे देवा, तान्ह्या बाळांचं दूध!" आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

बुर्गलनं मोटर बंद केली. तिचे डोळे पाणावले होते, वाफेनं की वासानं कोण जाणे. ती पुन्हा सात वर्षांची झाली होती आणि सगळा वर्ग वळून बघत होता.

"बोल आता," ती आलोइसला म्हणाली.

मेहुण्याचा पंप. बायकोचा भाऊ. अर्धे पैसे दिलेले. आलोइसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तरी मान ताठ.

"मला तर काही वास येत नाही," तो म्हणाला.

बाकी चौघांनी काय करावं? खाली बघितलं. पुढाऱ्याला वास येत नाही म्हटल्यावर यांनाही येईनासा झाला. रुमालवाल्यानं रुमाल खिशात घातला. ही असली माणसं! नाकासमोर मढं ठेवलं तरी आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघतील.

बुर्गलनं एक मग उचलला, कढईतून अर्धा भरला आणि बाहेरच्या दगडी हौदातल्या गार पाण्यात धरून निववून आणला. वर जाडसर साय धरली, पिवळी, थलथलणारी. तो मग तिनं आलोइससमोर ठेवला.

"वास येत नाही ना? मग पी."

कुणालाही वाटलं असतं की आता तो हसेल, हात झटकेल, म्हणेल सोड ना बुर्गल. पण त्याच्यासारखा हट्टी माणूस त्या खोऱ्यात दुसरा नव्हता. त्यानं सिगार खाली ठेवली. मग उचलला. एक मोठा घोट घेतला, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. साय मिशीला चिकटली. त्यानं मग टेबलावर आपटला आणि म्हणाला,

"झकास."

तोच आवाज, तोच मग आपटणं. सव्वीस वर्षं मध्ये गेलीच नव्हती.

"त्या दिवशीही तू असंच म्हणालास," ती म्हणाली. "शब्द न् शब्द हाच."

आलोइसनं काही बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटून, गालांवर हात दाबून तो बाहेर धावला. लाकडांच्या ढिगामागून आवाज येत राहिले. पोटातलं सगळं निघालं, मग निघायला काही उरलं नाही तरी तो ओकत राहिला. आत कुणी हललं नाही. बुर्गलला त्याची दया आली नाही. तिला एवढंच वाटलं की आता ती जागा धुवावी लागणार, आणि धुणार कोण, तर मीच.

वेंडेलिननं हातांना पोतं गुंडाळलं, तापलेल्या पंपाचे नट काढले आणि तो आपल्या हातांनी फरफटत रस्त्यावर नेऊन टाकला. मत नसलेल्या माणसानं दिलेलं हे मत. पाठोपाठ चौघांनी नव्या पंपासाठी हात वर केले, कुणी न विचारताच.

"आणि हिची बारी?" वेंडेलिननं विचारलं.

चौघांनी चौकटीकडं पाहिलं. "नियम तर तसा आहे," एकजण हळूच म्हणाला. "आग घातली गेली."

"मी मागितलीय का परत?" बुर्गल म्हणाली आणि कढई घासायला लागली. दुपारपर्यंत घासली.

जत्रा आली. गावात दोन तारे लागले, बादल्यांनी गाळलेल्या बिअरचे. दोरवाल्यांच्या दारावरची काठी नुसतीच होती. बुर्गलनं तरीही बैठकीची खोली झाडली, बाकडी पुसली, खिडक्या पुसल्या आणि हात मांडीवर ठेवून बसली. बाहेरून बँडचा आवाज येत होता. लोक दारावरून जाताना काठीकडं बघायचे आणि पावलं उचलायचे. कुणी आत डोकावलं नाही. काय बोलणार? काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेलं न बोलणं यांना लहानपणापासून शिकवलेलं.

चारच्या सुमारास दार वाजलं. आलोइस. जत्रेचा चांगला कोट, बूट चिखलानं भरलेले. पोट थोडं उतरलं होतं. त्याच्या दारावरही तारा होता आणि तरी तो आपल्या घरचं गिऱ्हाईक सोडून इथं आला होता. तो उंबऱ्यावरच थांबला.

"ती बिअर आंबट होती, बुर्गल."

"कुठली?" तिनं विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"ओट्मारची. पासष्टची." तो टोपी फिरवत होता. "मी तीन मग प्यायलो. पहिल्याच घोटाला कळलं होतं. आम्ही बाहेर भिंतीशी जाऊन थुंकत होतो, सगळे. आणि आत येऊन म्हणत होतो…"

"मला माहीत आहे काय म्हणत होता ते."

"त्यानं मला विचारलं होतं नंतर. पुलावर गाठून. माझं काय चुकलं, म्हणाला. मी म्हटलं, कुठं काय. एवढं बोललो असतो तर पुढच्या खेपेला त्यानं पिंपं बदलली असती. एवढंच तर होतं."

बुर्गल उठली नाही. त्याच्या अंगाला सिगारचा आणि घामाचा वास येत होता, दारातून तिच्यापर्यंत. सव्वीस वर्षं तिला वाटत आलं होतं की हे शब्द ऐकले की काहीतरी हलकं होईल. काही हलकं झालं नाही. उलट जे तळाशी होतं तेच वर आलं.

"मला तुझ्याआधी कळलं होतं," ती म्हणाली.

आलोइसनं वर पाहिलं.

"तारा लावायच्या आदल्या दिवशी. पिंपाचं बूच निघालं तेव्हाच. त्याला पडसं होतं, मला नव्हतं. मी शेजारी उभी होते. त्यानं मला विचारलं, कशी आहे गं? मी नवी सून. सासू तिथंच होती. मीही तेच म्हणाले, आलोइस. झकास म्हणाले."

बँड थांबला होता. नेहमीचं 'कुठं काय' या वेळी आलोइसच्या तोंडून निघालं नाही.

"बूट बाहेर काढ," बुर्गल म्हणाली, "आणि आत ये."